नाव उरलं, नाटक गेलं

कार्तिक लागला की गोंदिया जिल्ह्यातल्या रस्त्यांवर जाहिरातीची जीप फिरू लागते. टपावर भोंगा, दोन्ही अंगांना रंगीत पोस्टरं, आत माइक हातात धरलेला एक तरुण. बांध्यांमधून धानाची कापणी चाललेली असते. जीप गावात थांबत नाही. गाव ओलांडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तिला तीन गोष्टी सांगायच्या असतात. नाटक कोणत्या गावी आहे, कोणत्या रात्री आहे आणि त्याचं नाव काय. लेखकाचं नाव आलंच तर सगळ्यांत शेवटी येतं. म्हणून नाटकाचं नाव असं हवं, की वाकून विळा चालवणाऱ्या बाईने ते ऐकून क्षणभर मान वर करावी.

‘अस्सा नवरा नको गं बाई’. ‘माझं कुंकू मीच पुसलं’. ‘लावणी भुलली अभंगाला’. ‘मरीमाईचा भुत्या’. ‘स्वर्गावर स्वारी’. ‘सिंहाचा छावा’. झाडीपट्टीच्या रंगमंचावर गाजलेल्या नाटकांची ही नावं. पुण्यामुंबईच्या वाचकाला ती ऐकून नवल वाटतं, कधी हसू येतं. पण नावं ठेवणारे अडाणी होते असं ज्याला वाटेल, त्याने ती एकदा मोठ्याने म्हणून पाहावीत. ‘अस्सा’मधला तो जोड ‘स्स’ भोंग्यासाठी आहे, कागदासाठी नाही. ‘लावणी भुलली अभंगाला’ या तीन शब्दांत फड आणि देऊळ समोरासमोर उभे राहतात, आणि भुलते ती लावणी. अशी उलट फिरलेली गोष्ट ऐकायला माणूस कोसभर चालत येतो. ‘माझं कुंकू मीच पुसलं’ हे तर मला मराठीतल्या उत्तम नाट्यनामांपैकी एक वाटतं. कुंकू पुसलं जातं, असं आपण म्हणतो. कोण पुसतं ते सांगत नाही. दैव पुसतं, काळ पुसतो, शेजारच्या बाया पुसतात. त्या कर्मणीत एका ‘मीच’ने कर्ता आणून बसवला की चार शब्दांत अख्खं नाटक उभं राहतं.

चौदाव्या शतकात ओडिशाकडच्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पण’ लिहिलं. नाटकाचं नाव कसं असावं याचा नियम त्याने त्यात घालून दिला आहे. नाटकाच्या पोटात दडलेला अर्थ नावातून उजळावा. प्रकरण, म्हणजे कल्पित कथेचं नाटक, असेल तर त्याला नायक-नायिकेचं नाव द्यावं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नवरगावचे सदानंद बोरकर यांनी ‘अस्सा नवरा’ आणि ‘माझं कुंकू’ ही नावं ठेवली, तेव्हा त्यांनी यातला पहिला नियम पाळला. मराठी रंगभूमीच्या मुख्य धारेने मात्र बराच काळ नावाला शालजोडी पांघरली होती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची ‘वीरतनय’, ‘मूकनायक’, ‘गुप्तमंजूष’, ‘मतिविकार’ ही सगळी घट्ट सामासिक नावं. आगरकरांनी शेक्सपिअरचा ‘हॅम्लेट’ मराठीत आणला, त्याचं नाव ‘विकारविलसित’. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’चं मूळ गद्य रूप ‘फाल्गुनराव’ म्हणून आलं होतं, आणि त्याला ‘तसबिरीचा घोटाळा’ अशी जोड होती. मला तो घोटाळाच जास्त आवडतो. भोंग्यावर तोच चालला असता.

पण या लेखाचं कारण निराळं आहे. झाडीत शेकडो नाटकं लिहिली गेली, रात्र-रात्र चालली आणि गेली. मागे राहिलं ते नाव, तेही एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडी.

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा विदर्भाचा पूर्वेकडचा जंगलाचा, तलावांचा आणि धानाचा पट्टा. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी, भंडाऱ्यातून. उत्तरेच्या तालुक्यांत पोवारी आणि हिंदी कानावर पडते, पूर्वेला छत्तीसगडी आणि गोंडी. दक्षिणेकडे, अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनीच्या बाजूला, झाडीबोली. नाटकाचं वेड याच दक्षिणेकडे सर्वांत दाट. याला एक साधं कारण आहे, आणि ते रुळांचं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून नागभीडमार्गे चांद्याला जाणारी अरुंद रेल्वे पडली. तिच्यावर अर्जुनीच्या पुढे वडसा लागतं. पुढे कित्येक दशकं गडचिरोली जिल्ह्यातलं तेवढं एकच स्टेशन होतं. नागपूरकडून येणारी नटी, पेटी वाजवणारा, रंगवलेले पडदे, सगळं तिथे उतरवता येई आणि तिथून चारही जिल्ह्यांत पाठवता येई. नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या वडशातच का थाटल्या गेल्या, याचं उत्तर मला या नकाशात दिसतं.

नाटकाच्या आधी इथे दंडार होती. सगळे पुरुष, त्यांतलेच काही बाया झालेले, गाणं, नाच आणि मधेमधे गोष्ट. खडी गंमत होती, डहाका होता, गोंधळ होता. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्याचा मोठा भाग या कलांच्या आणि झाडीबोलीच्या अभ्यासाला दिला. दंडारीवर त्यांनी लिहिलं, झाडीबोलीचा शब्दकोश केला. प्रसंग घेऊन उभी राहणारी परसंगी दंडार पाहिली की तिच्यातून नाटकाकडे जायला फार लांबची वाट नव्हती, हे पटतं.

हे सगळं ज्या दिवशी घडतं तो दिवस मंडईचा. बलिप्रतिपदेला गोवारी समाजाचं गायगोधन होतं, आणि भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया सुरू होतात. प्रत्येक गावाची तारीख ठरलेली. दिवसा बाजार, पाळणे, शाहिरांची खडी गंमत, रात्री नाटक. पुढे शंकरपटांच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्तानेही नाटकं लागत. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, घरात जागा पुरत नाही. नाटकाच्या मंडपात पोरगा दाखवला जातो, पोरगी पाहिली जाते आणि सोयरिकीची गोष्ट निघते. रात्री नऊ-दहाला पडदा वर जातो तो पहाटेपर्यंत. थंडीत चादरी, घोंगड्या गुंडाळून माणसं बसलेली, लेकरं मांडीवर झोपलेली. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. धान घरात आलेलं असतं, हातात पैसा असतो, आणि पुढच्या पावसापर्यंत शेतीचं काम बेताचं असतं.

सुरुवातीला नाटक गावचंच असे. गावातली पोरं महिनोन् महिने तालीम करत. स्त्रीपार्ट गावचाच कुणी तरुण करी. पुढे नागपूरहून नट्या बोलावल्या जाऊ लागल्या. त्याहून पुढे वडशाच्या कंपन्यांनी पूर्ण नाटक गावाला द्यायला सुरुवात केली. गावाने तारीख घ्यायची, मंडप घालायचा, तिकिटं विकायची. नट, वाद्यं, पडदे, सगळं कंपनीचं. या बदलाबरोबर लेखकाचं काम बदललं. गावचं एक नाटक दोन-तीन वर्षं पुरे. कंपनीला दर हंगामात नवं हवं, आणि मागच्या वर्षी ज्या गावाने एक पाहिलं त्या गावाला यंदा दुसरं हवं. लेखक लिहीत राहिले. छापून घेण्याचा विचार करायला सवड कुणाला होती?

नाटक हरवतं कसं, ते समजून घ्यायचं तर ‘नक्कल’ म्हणजे काय ते ठाऊक हवं. जुन्या मराठी रंगभूमीवर नटाला सगळं नाटक मिळत नसे. त्याला त्याची नक्कल मिळे: त्याची स्वतःची भाषणं, आणि प्रत्येक भाषणाआधी दुसऱ्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन-चार शब्द, म्हणजे आपली पाळी कधी ते कळावं. पूर्ण नाटक एकाच वहीत असे, आणि ती वही पडद्याआड बसणाऱ्या प्रॉम्प्टरच्या हातात. वहीत खाडाखोड होई, गाव पाहून विनोद वाढे, एखादा प्रवेश गळे. कंपनी फुटली, प्रॉम्प्टर थकला, घराचं कौल गळलं, वाळवी लागली, की ती वही गेली. मग वीस नटांकडे वीस तुकडे उरत, आणि ते तुकडे जोडणारा कुणी नसे.

हे दुःख झाडीपुरतं नाही. लंडनमध्ये शेक्सपिअरच्या काळात फिलिप हेन्स्लो नावाचा एक नाट्यगृहाचा मालक होता. साहित्याशी त्याचा संबंध हिशेबापुरताच. कोणत्या दिवशी कोणतं नाटक लावलं, किती पैसे हाती आले, कोणत्या लेखकाला किती उचल दिली, हे तो वहीत लिहीत गेला. त्या वहीत सुमारे २८० नाटकांची नावं आहेत. त्यांतली बहुतेक नाटकं आज कुठेही नाहीत. अभ्यासकांच्या हाती तीसेक नाटकं उरली. त्याच्या मंडळीकडच्या सामानाची १५९८ ची यादीही टिकली आहे. तिच्यात एक खडक आहे, एक पिंजरा आहे, एक थडगं आहे, आणि नरकाचं तोंड आहे. नाटक गेलं, नरकाचं तोंड तेवढं यादीत राहिलं. खुद्द शेक्सपिअरच्या नावावरचं ‘लव्ह्ज लेबर्स वन’ हे नाटक १५९८ सालच्या एका पुस्तकातल्या उल्लेखात भेटतं. त्याचा मजकूर आजवर कुणाला सापडलेला नाही.

हेन्स्लोची गोष्ट वाचली तेव्हापासून मला वडशाच्या कंपन्यांच्या तारखांच्या वह्या दिसू लागल्या आहेत. कोणत्या गावाने कोणती रात्र घेतली, कोणतं नाटक ठरलं, किती विसार दिला, हे कुठे तरी लिहावंच लागतं. गावोगावच्या मंडळांकडेही हिशेब असतो: मंडप, दिवे, कलाकारांचं जेवण, आणि वरती नाटकाचं नाव. मुंबईत रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे. प्रयोगाआधी संहिता तिथे मंजूर करून घ्यावी लागते. ज्या नाटकांनी ती वाट धरली, त्यांची निदान एक प्रत सरकारी कपाटात गेली. सेन्सॉरला आपण एरवी बोल लावतो, आणि लावायलाच हवा. १९१० साली ‘कीचकवध’ या नाटकावर इंग्रज सरकारची बंदी आली ती नाट्यप्रयोगांवरच्या १८७६ च्या कायद्याने. पण विसरलेल्या नाटकांचा माग काढायचा तर त्या कपाटालाही हात जोडावे लागतील.

वही टिकली तर काय होतं, हेही मराठीत घडून गेलेलं आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिलं. तिसरं रत्न म्हणजे तिसरा डोळा, विद्येचा. नावावरून नाटकाचा पत्ता लागू नये असं ते वेगळं नाव. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारलं. त्यानंतर सव्वाशे वर्षं ते रंगभूमीच्या इतिहासात नव्हतं. १९७९ मध्ये ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात ते छापलं गेलं, आणि मराठी नाटकाच्या आरंभाची गोष्ट नव्याने सांगावी लागली. एक हस्तलिखित राहिलं म्हणून हे झालं.

पोथी टिकलेल्या एका फार जुन्या नाटककारासाठी आता मी ज्या गावाकडे येतो आहे, ते गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावच्या अगदी जवळ आहे. पदमपूर. आज ते लहान गाव आहे, जुन्या मूर्ती आणि अवशेष जपणारं. आठव्या शतकातला संस्कृत नाटककार भवभूती आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत सांगतो की दक्षिणापथात विदर्भात पद्मपूर नावाचं नगर आहे, तिथलं आपलं घराणं, आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जतुकर्णी. हे पद्मपूर कुठलं, यावर विद्वानांनी बराच खल केला. दुर्गकडे सापडलेल्या एका अर्धवट कोरलेल्या वाकाटक ताम्रपटात पद्मपुराचा उल्लेख आहे, म्हणजे राजाज्ञा निघावी एवढं ते नगर मोठं होतं. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे धागे जोडून आमगावजवळचं पदमपूर पुढे केलं. वेगळी मतंही मांडली गेली, पण मिराशींचं म्हणणं मला सर्वांत भक्कम वाटतं. आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचं नाव आहे ते याच नात्याने.

भवभूतीची तीन नाटकं आपल्यापर्यंत आली: ‘महावीरचरित’, ‘मालतीमाधव’, ‘उत्तररामचरित’. जुन्या सुभाषितसंग्रहांत त्याच्या नावावर असे श्लोक आहेत की जे या तिन्हींत नाहीत. म्हणजे त्याचंही काही हरवलेलं असू शकतं. ती नाटकं खेळली गेली ती कालप्रियनाथाच्या यात्रेत. सूत्रधार पुढे येतो, यात्रेला जमलेल्या लोकांना सांगतो की आज अमुक नावाचं नाटक, अमक्या गावच्या अमक्याचं. हे वाचताना माझ्या कानात मंडईचा भोंगा वाजतो. फरक एवढाच, की सूत्रधार लेखकाचं नाव आजोबांसकट घेतो.

‘मालतीमाधव’ तर झाडीतल्या प्रेक्षकाने रात्रभर डोळ्याला डोळा न लावता पाहावं असं नाटक आहे. दहा अंक. दोन प्रेमी, आणि राजाच्या मर्जीसाठी मुलगी भलत्याला द्यायला निघालेला बाप. जमवाजमव करणारी कामंदकी, ती बौद्ध भिक्षुणी. मकरंद मालतीचा वेश घेऊन नवरी म्हणून बोहल्यावर चढतो, आणि नवरदेवाची फजिती होते. पिंजऱ्यातून सुटलेला वाघ एका मुलीवर धावतो, तिला वाचवणाराच तिचा प्रियकर होतो. स्मशान, रात्र, कराला देवीचं देऊळ, अघोरघंट नावाचा कापालिक आणि बळी द्यायला आणलेली नायिका. नाटक घडतं ते पद्मावती नगरीत, इथून दूर. पण पदमपूरपासून नागझिऱ्याचं जंगल लांब नाही, आणि त्या वाघात मला इथल्या माणसाने लहानपणी ऐकलेली डरकाळी ऐकू येते. पुराव्याने हे सिद्ध होणार नाही. माझं मन मात्र तसं म्हणतं.

‘मालतीमाधव’च्याच प्रस्तावनेत भवभूती बोलून दाखवतो की आज आपली किंमत कुणी करत नसेल, तरी काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे, आपल्यासारखा कुणी तरी कधी तरी जन्माला येईल. तो आला, याचं कारण पोथी टिकली. लेखनिकांनी प्रती उतरवल्या, पंडितांनी भाष्यं लिहिली. एकोणिसाव्या शतकात परशुरामतात्या गोडबोल्यांनी ‘उत्तररामचरित’ मराठीत आणलं आणि कृष्णशास्त्री राजवाड्यांनी ‘मालतीमाधव’. पण पदमपुराच्या आसपासच्या मंडयांमध्ये भवभूतीचं नाटक लागत नाही. त्याची पोथी आहे, रात्र नाही. झाडीच्या नाटककाराकडे रात्र आहे, हजारो माणसं आहेत, आणि पोथी नाही.

मग ती पोथी कुठे आहे? थोडी माणसांत आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. शेती करणारा हा नट. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि सुमारे ८०० वेगवेगळ्या भूमिका त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला तळीराम त्यांनी केला, अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’तला अवधूत केला, आणि ‘मरीमाईचा भुत्या’मधला भुत्याही. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला, आपल्या विदर्भातच, गेले; ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग पुढच्या महिन्यात बडोद्याला झाला. त्यांनी स्वतः न पाहिलेलं नाटक झाडीने पिढ्यान् पिढ्या पाहिलं. गडकरी, अत्रे छापलेले आहेत. त्यांची काळजी नको. काळजी आहे ती बाकीच्या भूमिकांची. एका नटाच्या तोंडी ८०० भूमिका, म्हणजे शेकडो नाटकं. त्यांतली किती ग्रंथालयात मिळतील? असे जुने नट, पेटीवाले, प्रॉम्प्टर अजून गावोगाव आहेत. त्यांच्यापाशी बसून पहिल्या वर्षापासून विचारत जायला हवं: तेव्हा कोणतं केलं, तुमची नक्कल काय होती, आधीचं वाक्य कोणाचं. तुकडे असे जुळू शकतात.

घाई करायला कारण आहे. २०२० च्या टाळेबंदीने कलावंतांच्या हातचं काम गेलं, आणि कितीतरी जण दुसऱ्या कामाला लागले. शंकरपटांवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली होती. ती महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये उठली, तोवर पटाच्या निमित्ताने जमणारी गर्दीही थांबलेली होती. २०२२ मध्ये ‘झॉलीवूड’ हा चित्रपट या रंगभूमीवर आला, बाहेरच्या लोकांना तिचं नाव कळलं. नाटकं अजून जोरात लागतात. पेटीच्या जागी इलेक्ट्रॉनिक वाद्यं आली, मधल्या नाचांचा वेळ वाढला, त्याची तक्रार जुने लोक करतात. माझं तिकडे फारसं लक्ष नाही. हंगाम जिवंत आहे तोवर रूप बदलणारच. मला त्या वह्या हव्या आहेत, ज्यांच्यावर पुठ्ठ्याचं कव्हर आणि शाईने लिहिलेलं नाव होतं.

तोपर्यंत निदान नावं तरी लिहून ठेवावीत. आमगावकडून पदमपूरच्या बाजूला जाताना संध्याकाळी जीप मागून येते. कापलेल्या बांध्यांवर धुकं उतरू लागलेलं असतं. आवाज जवळ येतो, अंगावरून जातो, गावाचं नाव स्पष्ट ऐकू येतं, तारीखही. नाटकाचं नाव सुरू होतं तेव्हा जीप वळणावर असते, आणि पहिले दोन शब्द आपल्यापर्यंत पोचतात. पुढच्या शब्दासाठी माणूस रस्त्यातच थांबतो.